बेबीनंदाची नाडी

कुंभार पिंपळगावच्या विहारासमोर दर जयंतीला नाटक बसतं, आणि त्यात रडायचं काम असलं की ते बेबीनंदा हिवाळेकडे जातं. ती रडायला लागली की पुढच्या बाया पदर डोळ्याला लावतात आणि मागं उभी असलेली टारगट पोरं खिदळायची थांबतात. एरवी मात्र तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही. काय दुखतं, काय खुपतं, ते ती स्वतःपाशी ठेवते. स्टेजवर सोंग कितीही मोठं आणील, पण घरात ताप आला तरी भाकरी थापायला बसेल, अशी ती बाई.

तिचा नवरा संपत गवंडी होता. गावातल्या कितीतरी भिंती त्याच्या हातच्या. एका सकाळी भिंत चढवता चढवता त्याच्या हातातली थापी गळून पडली, तोंड वाकडं झालं, आणि उजवं अंग गेलं ते कायमचंच. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात बेबीनंदा त्याच्या उशाशी बसून होती. बोलायचं कुणाशी, विचारायचं काय, काही कळत नव्हतं. तिथं शीतल नावाची एक सिस्टर होती, भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईची. तिनं बेबीनंदाला हाताला धरून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ पुसून कोरडी ठेवायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. घास भरवायचा तो बसवूनच, नाहीतर अन्न श्वासनळीत जातं. घरी आल्यावर संपत वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता, पण त्याच्या पाठीवर एक फोड उठला नाही.

तो गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायांना बेबीनंदा म्हणाली, "माणूस जायचंच होतं, गेलं. पण सडून न्हाई गेलं. त्या सिस्टरची मेहरबानी."

त्यामुळे मुलासाठी, सूरजसाठी, मुली बघायला सुरुवात झाली आणि अंबडकडची एक मुलगी नर्सिंग शिकते असं कानावर आलं, तेव्हा बेबीनंदानं बाकी काही विचारलंच नाही. मुलीचं नाव मोनाली. तिच्या वडिलांच्या मनात लग्नानंतर शिक्षण थांबवायचं होतं. सासरची माणसं काय म्हणतील, घरात बाई लागते, वगैरे. बेबीनंदानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "शिक्षण तोडून देणार असाल तं मंग सोयरीक नको आपली. मला सिस्टर पाह्यजे. भाकरी मला येते."

असं मोनालीचं लग्न झालं, आणि सुट्टी संपल्यावर ती घनसावंगीच्या नर्सिंगच्या शाळेत पुन्हा रुजू झाली. सूरज जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला. तो आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. बाकीचे दिवस घरात या दोघीच. सकाळी मोनाली जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घनसावंगीला जायची, बेबीनंदा कापसात नाहीतर उसात मजुरीला. संध्याकाळी दोघी चुलीपाशी भेटायच्या.

शेवटचं वर्ष सुरू झालं तशी मोनालीची झोप उडाली. पुस्तकं जाडजूड, शब्द अवघड. भाकरी थापताना ती तोंडानं पुटपुटत राहायची, "योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ." बेबीनंदा ऐकायची. एकदा भाजी वाढता वाढता मोनाली म्हणाली, "आई, वाचलेलं डोक्यात बसतंय, पण हातात बसत न्हाई. शाळेत प्लास्टिकची एकच बाहुली हाये. वर्गातल्या सगळ्या पोरी तिच्यावर. माझा नंबर येईस्तोवर तास संपतो."

"ती बाहुली काय करती?"

"काही न्हाई. झोपून राहती. तिच्यावरच सगळं शिकायचं."

"मंग झोपायला मी न्हाई का? मी काय प्लास्टिकपेक्षा गेलेली हाये?"

मोनाली हसली. तिला वाटलं गंमत चाललीय. पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर बेबीनंदानं हातपाय धुतले, संपतची लोखंडी खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणली आणि वर आडवी होऊन म्हणाली, "हं. चल. काय झालंय मला आज?"

तेव्हापासून ते रोजचंच झालं. आज दमा, उद्या हगवण, परवा साखर उतरलेली. मोनालीनं लक्षणं सांगायची आणि बेबीनंदानं ती वठवायची. साखर उतरली म्हटलं की ती थरथर कापायची, कपाळावरचा खोटा घाम पुसायची आणि असंबद्ध बडबडायची. मोनालीनं विचारायचं, "शुद्धीवर आहात ना? गिळता येतंय ना?" आणि मगच साखरपाणी द्यायचं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, हे तिला वाचून जितकं लक्षात राहिलं नसतं तितकं सासूच्या सोंगामुळे राहिलं. कारण एकदा विसरून तिनं पेला ओठाला लावला तेव्हा बेबीनंदा डोळे मिटूनच म्हणाली होती, "अगं, मी बेसुद हाये. ठसका लागून मरंन की."

बाळंतपणाचा धडा आला तेव्हा तर कहरच झाला. बेबीनंदानं लुगड्यात उशी कोंबली आणि कळा द्यायला सुरुवात केली. मोनाली एक हात पोटावर, म्हणजे उशीवर, ठेवून कळ किती वेळ टिकते ते मोजत होती आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. नाटकातली बाई ती. आवाज गल्लीत गेला. शेजारची तुळजाबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली आणि दारात थबकली. खाटेवर साठीकडे झुकलेली सासू, पोट हे एवढं, आणि सून कमरेशी वाकलेली.

"अगं बाई! बेबे! ह्या वयात?"

बेबीनंदाला हसू आवरेना. हसता हसता तिला धाप लागली, आणि ती धाप बराच वेळ थांबेना. ती उठून बसली, छातीवर हात ठेवून दम खात राहिली. मोनालीला आणि तुळजाबाईला वाटलं, हसून हसून झालं असेल. त्याही हसतच होत्या.

बेबीनंदा पेशंट म्हणून सोपी नव्हती. मोनालीनं न सांगता हात लावला की ती हात झटकायची. "आधी सांग, मंग हात लाव. मी काय गाठोडं हाये?" थंडीच्या दिवसांत मोनालीची बोटं गार असायची, तर म्हणायची, "पह्यले चुलीपाशी हात शेकून ये." ब्लडप्रेशरचा पट्टा बाहीवरून बांधला तर चालायचं नाही, कारण पहिल्याच दिवशी मोनालीनं तिला सांगितलं होतं की पट्टा उघड्या दंडावर बांधतात आणि हात छातीच्या उंचीला ठेवतात. एकदा ऐकलेलं बेबीनंदा विसरत नसे, आणि विसरूही देत नसे.

एक गोष्ट मात्र ती न चुकता मागायची. दमेकऱ्याला द्यायची ती बसती अवस्था, पाठीमागे उशा रचून अर्धवट बसवायचं. शिकवणीत ज्या दिवशी तिचा संबंध नसे त्या दिवशीसुद्धा बेबीनंदा म्हणायची, "तसंच बसव गं उशा लावून. झ्याक वाटतं." मोनाली उशा रचायची आणि मनातल्या मनात म्हणायची, किती सोसतात माझ्यासाठी. मग बेबीनंदा डोळे मिटून शांत पडून राहायची.

नाडीचं प्रकरण सुरू झालं ते याच सुमारास. प्रात्यक्षिक परीक्षेत नाडी, श्वास, ताप, ब्लडप्रेशर हे हमखास असतं. मोनाली सासूच्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवायची, अर्धा मिनिट ठोके मोजायची आणि दुप्पट करायची. पहिल्यांदा चौऱ्याऐंशी आले. खात्री करावी म्हणून लगेच पुन्हा मोजले तर एकशे दहा. तिसऱ्यांदा शहाण्णव. तिनं घड्याळ बदलून पाहिलं. बोटं बदलून पाहिली. उभं राहून, बसून, श्वास रोखून मोजलं. आकडा एका जागी थांबायला तयार नाही. आणि मध्येच एखादा ठोका सापडायचाच नाही, मग दोन घाईघाईनं एकामागे एक यायचे.

काही दिवस असं चालल्यावर एका संध्याकाळी मोनालीनं घड्याळ खाटेवर टाकलं आणि रडायला लागली. "सगळ्यात सोपी गोष्ट हाये आई ही. पह्यल्या वर्षाच्या पोरींला येती. मला साधी नाडी मोजता येऊन न्हाई राह्यली. मी काय सिस्टर होणार?"

बेबीनंदानं तिला जवळ घेतलं. "येईल. नको घाबरू. माझाच हात खराब असंल, कोळपणी करून करून कातडं जाड झालंय." आणि तिनं विषय बदलला.

सूरज सुट्टीला आला तेव्हा मोनालीनं त्याचं मनगट धरलं. तो मोबाईल बघत बसला होता. ठोके आले शहात्तर. पुन्हा शहात्तर. परत एकदा, चौऱ्याहत्तर. ती गोंधळली. नवऱ्याची येते आणि सासूची येत नाही, हे काय? पण अजूनही तिला दोष आपल्याच बोटांत दिसत होता. चांगली नाडी मोजता येते, अवघड नाडी आली की आपली फजिती होते, असं तिनं मनाशी घेतलं.

सोमवारी शाळेत ती मीना मॅडमपुढे उभी राहिली. मीना मॅडम त्यांच्या ट्यूटर. वर्षानुवर्षं वॉर्डात काढून मग शिकवायला आलेल्या, बोलायला कमी. मोनालीनं सगळी रड सांगितली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आकडे सांगितलेस. लय सांग. ठोके सारख्या अंतरानं येतात का?"

मोनालीनं वहीतले आकडे पुन्हा पाहिले, लय कुठंच लिहिलेली नव्हती.

"नाडीत काय काय बघायचं असतं?"

"गती, लय आणि भरीवपणा."

"मग गतीच्या मागे लागून लय सोडून दिलीस. आणि लय बिघडलेली असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात का?"

"न्हाई मॅडम. पूर्ण मिनिट." म्हणता म्हणताच मोनालीचा आवाज उतरला.

"ज्यांची मोजतेस त्यांचं वय काय?"

"साठीला आल्यात. सासू हायेत माझ्या."

मॅडमनी हातातला खडू ठेवला. "तुझी बोटं बरोबर आहेत, मोनाली. ती तुला काहीतरी सांगतायत. एकीनं मनगटावर मोजायचं आणि दुसरीनं स्टेथोस्कोप लावून छातीवर. एकाच घड्याळावर, एकाच वेळी सुरू, एकाच वेळी बंद. अक्षताला घेऊन जा. आजच जा."

अक्षता मोनालीच्या वर्गातली, घनसावंगीचीच. दोघी दुपारच्याच जीपनं निघाल्या. बेबीनंदा नुकती कामावरून आली होती. सुनेबरोबर मैत्रीण बघून तिला आनंदच झाला. "या, या. आज दोन दोन सिस्टरी! काय आजार हाये आज?"

"आज आजार न्हाई, आई. आज फक्त मोजायचंय." मोनालीनं आधी सांगितलं, मग हात लावला. अक्षतानं डाव्या स्तनाखाली, पाचव्या फासळीच्या फटीत, जिथं काळजाचं टोक असतं तिथं स्टेथोस्कोप ठेवला. मोनालीनं मनगट धरलं. घड्याळ दोघींच्या मध्ये. अख्खं मिनिट घरात कुणी बोललं नाही. बाहेर तुळजाबाईची शेळी तेवढी ओरडत होती.

मिनिट संपलं. अक्षता म्हणाली, "एकशे चोवीस."

मोनाली म्हणाली, "अठ्ठ्याण्णव."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काळीज जितक्यांदा धडकत होतं तितक्यांदा मनगटापर्यंत लाट पोचत नव्हती. हा फरक पुस्तकात होता. परीक्षेला येणारा प्रश्न म्हणून दोघींनी तो पाठही केला होता. समोर खाटेवर बसलेल्या ओळखीच्या बाईत तो सापडेल असं मात्र दोघींपैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

बेबीनंदा दोघींच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं? नापास झाल्या का?"

मोनाली खाटेच्या कडेला बसली. सासूचं मनगट तिनं सोडलं नव्हतं. "आई, मी रोज तुम्हाला इचारते, काय त्रास होतो. तुम्ही रोज नवा आजार सांगता. आज नाटक नको. खरं सांगा. काय होतंय तुम्हाला?"

बेबीनंदानं आधी तोंड फिरवलं. मग अक्षताकडे पाहिलं, मग छताकडे. आणि मग सांगायला लागली. दिवाळीपासून हंडा उचलला की धाप लागते. छातीत कधीकधी काहीतरी फडफडतं आणि अंगातलं बळ निघून जातं. कापसाच्या सरीत दोनदा खाली बसावं लागलं, सोबतच्या बायांना सांगितलं की पायात काटा गेला. सपाट झोपलं की जीव घाबरा होतो. उशा लावून बसवलं की बरं वाटतं.

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुझी परीक्षा हाये. मला दवाखान्यात घेऊन फिरत बसली असतीस तं वर्ष गेलं असतं तुझं. म्हणलं, एवढी परीक्षा होऊ दे. मंग सांगू."

मोनालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रोज तुमच्या मनगटावर बोटं ठेवत गेले, आन् मला कळलं न्हाई."

बेबीनंदानं तिच्या गालावरून हात फिरवला. "रोज ठेवत गेलीस म्हणून तं कळलं. न्हाईतर कोण धरत होतं माझं मनगट?"

मीना मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळीच जालन्याला न्या, परवावर टाकू नका, आणि वाटेत एकाएकी हातपाय लुळे पडले, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं तर थेट आपत्कालीन विभागात जायचं, रांगेत उभं राहायचं नाही. तोंड वाकडं होण्याचं मोनालीनं सासूला सांगितलं नाही. पण फोन ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते बेबीनंदानं पाहिलं, आणि तिला न सांगताच समजलं. संपतच्या वेळचं सगळं तिच्या अंगावरून गेलेलं होतं.

सकाळी पहिल्या बसनं दोघी निघाल्या. सूरज जालन्याच्या स्टँडवर उभाच होता, कारखान्यातून रजा टाकून आलेला. "माय, तू मला पण न्हाई सांगितलं?" एवढंच तो म्हणाला आणि आईची पिशवी खांद्याला लावली.

दवाखान्यात छातीला तारा जोडून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी ती लांब कागदी पट्टी मोनालीला दाखवली. ठोक्यांची शिखरं होती, पण त्यांतली अंतरं सारखी नव्हती, दोन जवळजवळ, मग एक लांब, मग तीन गर्दीत. बेबीनंदानंही मान लांब करून बघितलं. तिला ते एखाद्या नवशिक्या पोरीनं गोधडीला घातलेल्या टाक्यांसारखं दिसलं.

"काळजाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली आहे," डॉक्टरबाईंनी समजावलं. "वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साचून तिथं गुठळी होऊ शकते. ती गुठळी डोक्यात गेली तर अर्धांगवायू. अजून काही झालेलं नाही, हे चांगलं आहे. कुणी ओळखलं?"

मोनाली पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "ओळखलं न्हाई मॅडम. मला वाटलं माझंच मोजायचं चुकून राह्यलंय."

"आणि तरी मोजत राहिलीस. ते महत्त्वाचं."

पुढचे काही दिवस तपासण्यांत गेले. छातीची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. मग गोळ्या सुरू झाल्या, ठोके आवरणारी एक आणि रक्तात गुठळी होऊ न देणारी एक. सूरज आईपाशी थांबला आणि त्यानं मोनालीला अभ्यासाला परत पाठवलं. बेबीनंदानं त्यालाच तसा हुकूम दिला होता.

घरी आल्यावर सोंगं बंद झाली, पण शिकवणी चालू राहिली. फक्त आता ती खरी होती. मोनाली समोर बसून समजावून सांगायची. ही गोळी रोज ठरल्या वेळी. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. हिरडीतून रक्त आलं, संडास काळी झाली, अंगावर निळे डाग दिसले, डोक्याला मार लागला, तर लगेच सांगायचं. गुडघे दुखतात म्हणून बाजारातून दुखण्याची गोळी आणून खायची नाही. रक्त तपासायची तारीख चुकवायची नाही. सांगून झालं की ती विचारायची, "आता तुम्ही मला सांगा, काय काय करायचं." बेबीनंदा सगळं बराबर सांगायची आणि शेवटी आपल्याकडून जोडायची, "आन् काही झालं तं लपवायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई," मोनाली म्हणायची.

परीक्षा झाली. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकाला मोनालीच्या वाट्याला पाय मोडलेले एक म्हातारे बाबा आले. किरकिरे होते, दुपारपासून दोघीतिघींनी त्यांना हात लावून हैराण केलं होतं. मोनालीनं आधी आपलं नाव सांगितलं, काय करणार आहे ते सांगितलं, हात एकमेकांवर घासून गरम केले आणि मग त्यांचं मनगट धरलं. बाबा गप्प झाले. ती पूर्ण मिनिट मोजत राहिली. परीक्षक बाईंनी विचारलं, "इतका वेळ कशाला? लय नियमित आहे की." मोनाली म्हणाली, "हो मॅडम, नियमित आहे. ते कळायलाच तेवढा वेळ लागला." बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

निकाल लागला तेव्हा बेबीनंदा विहाराच्या अंगणात बायांसोबत तांदूळ निवडत बसली होती. मोनाली पळत आली. तुळजाबाईनंच विचारलं, "झाली का पास?" मोनालीनं मान हलवली आणि सासूच्या पायाशी बसली. बेबीनंदाच्या मांडीवरचं सूप कलंडलं. आणि त्या दिवशी गावानं पहिल्यांदाच बेबीनंदाला स्टेज नसताना रडताना पाहिलं. मोनाली तिच्या मनगटाकडे हात नेऊ लागली तशी ती ओरडली, "आता मोजू नको! आता कशी बराबर येईल?"

मोनालीला घनसावंगीलाच दवाखान्यात काम लागलं, करारावरचं का होईना. बेबीनंदाची धाप कमी झाली. हंडा आता सूरज घरी असला की तो भरतो, नसला की तुळजाबाईची सून आणून देते. जड काम तिनं सोडलं. लय मात्र पूर्वीसारखी झाली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाच्या मानानं एवढं आवाक्यात आहे तेच पुष्कळ.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी मीना मॅडम स्वतः घरी आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग जरा संकोचून म्हणाल्या, "बेबीनंदाताई, एक मागणं आहे. अनियमित नाडी कशी लागते ते फळ्यावर लिहून समजत नाही. बोटाखाली यावी लागते. तुमची हरकत नसेल तर मुलींना एकदा तुमची नाडी बघू द्याल? नाही म्हणालात तरी राग नाही."

बेबीनंदानं सुनेकडे पाहिलं. मोनाली म्हणाली, "तुमची मर्जी, आई. हात तुमचा हाये."

ती गेली. चांगलं लुगडं नेसून, केसाला तेल लावून. वर्गात खिडकीशी खुर्ची ठेवली होती, पाठीला उशी. मुली एकेक करून येत होत्या. प्रत्येक पोरगी आधी नाव सांगायची, मग विचारायची, "मावशी, हात लावू का?" मुली कुठल्या कुठल्या होत्या, सगळ्या जातींच्या, वाड्यांवरच्या, वस्त्यांवरच्या. लहानपणी बेबीनंदा ज्या गावात वाढली तिथला दुकानदार तिच्या हातात साखरेची पुडी वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या मुलीसाठी मनगट उताणं केलं.

साक्षी नावाची एक लाजरी पोरगी होती. तिला नाडी सापडेना. ती दाबत गेली, अजून दाबत गेली, तिचं कपाळ घामानं भिजलं. मागच्या मुली कुजबुजायला लागल्या.

"दाबू नको गं इतकं," बेबीनंदा हळूच म्हणाली. "जरा सैल सोड. हं. थांब. आता ऐक."

साक्षीनं बोटं सैल केली. थोड्या वेळानं तिचे डोळे मोठे झाले. "लागली, मावशी! दोन आले, मग थांबली... आता परत आली."

"तशीच येती ती. तिच्या मर्जीनं."

सगळ्या जणी हसल्या. मीना मॅडमसुद्धा. त्यांनी पुढच्या वर्षीही याल का असं विचारलं. बेबीनंदा म्हणाली, "जिती राह्यले तं येईन."

"गोळ्या वेळेवर घेतल्या तर याल," मागून कुठल्यातरी मुलीनं परीक्षेचं उत्तर द्यावं तसं सांगितलं, आणि पुन्हा हशा झाला.

शेवटी मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मावशींनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह धरला. बेबीनंदा उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांची नाटकातली बाई, हजार माणसांसमोर न अडखळणारी. पण तिथं तिला काही सुचेना. समोर पांढऱ्या कपड्यांतल्या त्या पोरी बघत होत्या. तिनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "तुमचे उपकार हायेत बायांनो. सगळ्या पास व्हा."

मग ती खाली बसली, आणि कुणीतरी पुढं केलेली पोह्यांची बशी घेऊन, थंड व्हायच्या आत खायला लागली.